एक्केचाळिसावं घर

सरकारी गाडी तीन वाजता येणार होती, आणि साडेबारा वाजून गेले तरी घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नव्हतं. बोलणं चालू होतं, पण सगळं भांड्यांमार्फत. वहिनीने पातेलं ओट्यावर आपटलं की समजायचं, नकाशेला उत्तर मिळालं.

नकाशे म्हणजे या घराची लेक, वहिनीची नणंद, भूमापन कचेरीत अठ्ठावीस वर्षं नकाशे काढणारी. हे नाव मात्र कचेरीतलं नव्हतं. शाळेत ती आणि वहिनी एका बाकावर बसायच्या, आणि भूगोलाच्या पेपरात अर्ध्या वर्गाच्या नद्या हिच्याच हाताने वाहायच्या, तेव्हापासूनचं. पुढे तीच बाकावरची मैत्रीण भावजय होऊन घरात आली. नातं बदललं, पण ‘अगं नकाशे’ काही बदललं नाही.

आज सकाळपासून मात्र ‘अगं’ गेलं होतं, आणि ‘नकाशे’ही.

“पाच वाजता सह्या, मग तीनलाच गाडी कशाला?” अण्णांनी विचारलं. म्हातारबुवा, नकाशेचे वडील, रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेले. कान अधू होते, विशेषतः गैरसोयीचं काही बोलणं निघालं की.

“फोटो काढायचेत आधी,” नकाशे म्हणाली. “खुर्च्यांवर बायका दिसल्या पाहिजेत, असं वरून आलंय.”

“मग पावडर लाव हो.”

नकाशेला हसू आलं आणि तिथेच विरलं. सरकारचा हुकूम निघाल्याला दोन वर्षं झाली होती. खोऱ्यातल्या दोन बाजू बारा वर्षं एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. त्यांच्यात समेट व्हायचा तर बोलणी करणाऱ्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, नाहीतर तो करार सरकार मानणार नाही. जिल्ह्याच्या साहेबांची पळापळ झाली. नऊ खुर्च्यांपैकी तीन बायकांच्या. एक सुईण मिळाली, एक मुख्याध्यापिका मिळाली, आणि तिसरी ही, कारण खोऱ्यातला ओढा न् ओढा हिला तोंडपाठ. पहिल्या दिवशी हिला दाराजवळ बसवून कुणीतरी म्हणालं होतं, बाई, चहाचं बघता का. बघते म्हणाली, आणि टेबलावर एवढा मोठा नकाशा पसरला की चहा ठेवायला जागाच उरली नाही. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंचे पुढारी तिच्या नकाशावर डोकी घालून बसायला लागले.

सातवं कलम त्या तिघींचं. बेपत्ता माणसांना कुठे पुरलंय हे नव्वद दिवसांत जो येऊन सांगेल, त्याच्यावर खटला होणार नाही. पुरुष मंडळी शिपायांच्या भत्त्यावर आणि नाक्यांवर महिने महिने भांडली. बेपत्ता मुलांची आठवण या तिघींना झाली. त्यांनी खोऱ्यातली घरं पायी पालथी घातली. चाळीस घरं, चाळीस आया.

वहिनी म्हणत होती, कलम खोडा, नाहीतर सही करू नकोस.

नऊ वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा असताना सायकल दुरुस्त करून आणतो म्हणून गेला होता. त्याचा बाप वाट पाहत पाहत चार वर्षांनी गेला. वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची आणि वाट पाहायची. दोन्हींत कधी खाडा नाही.

*

टिटवीला, वहिनीच्या लेकीला, एका जागी बसवत नव्हतं. सोळा वर्षांची झाली तरी तिची जीभ आणि पाय एकाच वेळी थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव. आत्याने तिला नकाशाची गुंडाळी उलगडायला बोलावलं तेव्हा तिला बरंच वाटलं. निदान या घरात काहीतरी उलगडतंय.

“कोपऱ्यांवर कप ठेव. रिकामे बघून ठेव, टिटवे.”

“हो गं, एकदाच सांडला होता.”

“दोनदा.”

नकाशावर ठिपके होते. काही काळे, काही पेन्सिलीचे पुसट करडे. आत्याचा नियम टिटवीला माहीत होता: एका माणसाने सांगितलं तर पेन्सिल, दुसऱ्या माणसाने वेगळं येऊन तेच सांगितलं की शाई. शाईच्या ठिपक्यावरच खणणारे जातात. कलमाच्या भरवशावर लोक बोलतात का हे पाहायला समितीने महिनाभर आधीच एक फोन चालू केला होता. नाव न सांगता सांगायचं. फोन उचलायला तिघी पाळीपाळीने बसायच्या. प्रत्येक ठिपक्याशेजारी मुंगीच्या अक्षरात ओळखीची एक खूण होती. चष्मा. लाल स्वेटर. खिशात चावी, तिला दोरा.

टिटवी वाचत गेली. वाचू नये असं कुणी म्हणालं नव्हतं.

खोऱ्याच्या टोकाला, वीटभट्टीच्या मागे, पेन्सिलीचा एक ठिपका. त्याच्याशेजारी: डाव्या हाताला प्लास्टर. प्लास्टरवर पक्षी.

टिटवीने हातातला कप अगदी हळू खाली ठेवला. तो सांडला नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “हा माझा पक्षी आहे.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्याने टिटवीला सगळं कळलं. दादा क्रिकेट खेळताना पडला होता, मनगट मोडलं होतं, आणि सात वर्षांच्या टिटवीने स्केचपेनने त्याच्या प्लास्टरवर एक पक्षी काढला होता. तो गेल्यावर चार दिवसांनी प्लास्टर कापायची तारीख होती. आई तारखेचा कागद घेऊन एकटीच इस्पितळात जाऊन बसली होती.

“कधीपासून माहितीये तुला?”

“हळू बोल.”

“कधीपासून?”

“अकरा दिवस.”

ओट्यापाशी नळ चालू होता. तो बंद झाला.

*

वहिनी हात पुसत आली. तिने नकाशाकडे पाहिलं, मुलीच्या बोटाकडे पाहिलं, आणि ती एवढीशी ओळ इतका वेळ वाचत राहिली की जणू पानभर मजकूर होता.

“अकरा दिवस तू माझ्या शेजारी बसून जेवलीस,” ती म्हणाली.

“पेन्सिल आहे वहिनी. एकाच माणसाने सांगितलंय. उद्या खोटं निघालं असतं तर? तुला परत एकदा—”

“परत एकदा काय? मी रोज परत एकदा करते.”

“दुसरा फोन येईल म्हणून थांबले होते.”

“आणि आज सही करून येणार. म्हणजे ज्याने हे केलं तो येऊन सांगणार, सरकार त्याला बस म्हणणार, पाणी देणार, आणि घरी पाठवणार.” वहिनीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मला तो समोर उभा हवाय. कोर्टात. हातात काही नको मला, फाशी नको, काही नको. नुसता उभा राहू दे आणि मी बघेन.”

“चाळीस घरांत विचारलं वहिनी. चाळिसांनी एकच सांगितलं. आधी सापडू दे.”

“कसं विचारलंस?”

“म्हणजे?”

“कसं विचारलंस ते सांग ना. तुझी ती पत्रकं दाखव.”

नकाशेने पिशवीतून कोरं पत्रक काढून दिलं. मंत्रालयाने छापलेलं. वहिनीने ते औषधाची चिठ्ठी वाचावी तसं वाचलं, वरून खाली, तारखेसकट. तळाशी दोन चौकोन होते: अवशेष मिळावेत. दोषीला शिक्षा व्हावी. कंसात, कोणत्याही एकावर खूण करावी.

“एकावरच?”

“दोन्हीवर केली तर पत्रक बाद होतं.”

“हं.” वहिनीने पत्रक टेबलावर ठेवलं. “चाळीस दारांत गेलीस. स्वतःच्या दारात का नाही विचारलंस?”

नकाशेला उत्तर माहीत होतं, आणि ते इतकं साधं होतं की तोंडातून निघेना. वहिनी तर घरचीच. तिचं काय विचारायचं, तिचं आपल्याला माहीतच आहे. शाळेपासून माहीत आहे. यादी करताना तिने या घराचा नंबर घातला होता, एक्केचाळीस, आणि पुढची जागा तशीच राहिली होती. कुणी मुद्दाम सोडलेली नव्हती. फक्त त्या संध्याकाळी पाय दुखत होते आणि घर आलं होतं.

“पोरीचं खरं आहे,” अण्णा एकदम म्हणाले. पोरगी म्हणजे वहिनी. सून असली तरी ते तिला पोरगीच म्हणायचे. “सही करायची नाही. माझा नातू गेलाय. माफी कसली वाटत फिरता? त्या साहेबांना सांग, म्हणावं बाप नाही म्हणतो.”

“अण्णा, मी एकोणपन्नास वर्षांची आहे.”

“मग सांग, म्हातारा बाप नाही म्हणतो.”

*

धाकटा तेवढ्यात ट्रक लावून आत आला होता. अण्णांचं शेंडेफळ, वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आठ वर्षांचा. तिनेच त्याला पाढे शिकवले, तिनेच मिशी फुटल्यावर चिडवलं. नऊ वर्षं तोच तिला ट्रकमध्ये शेजारी बसवून कचेरी-कचेरीत घेऊन गेला होता. भाजीचा माल उतरवायचा आणि वहिनीला घेऊन रांगेत उभं राहायचं. सगळे म्हणायचे, दीर असावा तर असा.

तो दारातच उभा राहून ऐकत होता. मग टेबलापाशी आला आणि ठिपक्याकडे बघत राहिला.

“इथे खणतील?” त्याने विचारलं.

“दुसऱ्याने सांगितलं तर,” नकाशे म्हणाली.

“इथे काही नाही मिळणार.”

“का?”

“मागे पाणी साचलेलं असतं. पुढच्या अंगाला, वजनकाट्याच्या उजव्या हाताला. वीस-एक पावलं.”

टिटवीला काहीच कळलं नाही. अण्णांना ऐकू आलं नाही. वहिनी पत्रकाच्या त्या दोन चौकोनांकडेच बघत होती. नकाशेने मात्र मान वर केली. अठ्ठावीस वर्षं तिने हेच केलं होतं: कागदावर काय आहे आणि जमिनीवर काय होतं, याचा मेळ घालणं.

“वजनकाटा,” ती सावकाश म्हणाली. “भट्टीवर वजनकाटा होता खरा. थोरला गेला त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर उखडला. माझ्या कुठल्याच नकाशावर तो नाही.”

धाकटा ट्रकची किल्ली मुठीत फिरवत राहिला.

“तू विटा कधी नेल्यास?”

“नाही नेल्या.”

“मग?”

खुर्ची त्याच्या मागेच होती, तरी तो जमिनीवर बसला. ट्रकखाली शिरताना बसतो तसा, एक हात टेकवून.

“पहाटे भाजी घेऊन निघालो होतो,” तो म्हणाला. “नाक्यावर गाडी अडवली. भाजी रस्त्यावर ओतली सगळी. ताडपत्रीखाली काहीतरी चढवलं, म्हणाले चालव. बंदूक इथे होती.” त्याने कानाच्या मागे बोट लावलं. “भट्टीवर काट्यापाशी गाडी मागे घ्यायला लावली. मी आरशात बघत होतो. ताडपत्री सरकली. हात दिसला.”

“कुठल्या बाजूचे होते?” अण्णांनी विचारलं. हे मात्र त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“टोप्या दोघांच्याही सारख्याच असायच्या अण्णा.”

“जिवंत होता?” हे वहिनीने विचारलं.

“नाही. शपथेवर सांगतो, वहिनी. नव्हता.”

“कुणाची शपथ घेणारेस?”

नळाचा थेंब पडत होता. टिटवीने जाऊन तो नीट बंद केला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

“तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, चल रे, इस्पितळात बघून येऊ,” धाकटा म्हणाला. “तेव्हाच सांगायचं होतं. नंतर दुसऱ्या कचेरीत. नंतर प्रत्येक वेळी वाटायचं, आज परत येताना सांगू. परत येताना तुम्ही दमून झोपायच्या वहिनी. खिडकीला डोकं टेकून. कसं सांगणार?”

*

पहिल्यांदा अण्णाच सावरले. ते काठी न घेता उठले, दार लावून आले, आणि मुलीपुढे उभे राहिले.

“आता सही करायलाच हवी,” ते म्हणाले. “ऐकलंस ना? सही झाली नाही तर याला उद्या उचलतील. तो काय करणार होता? बंदूक होती. कलम चांगलं आहे तुझं. विचार करून लिहिलंय. जा तू.”

वहिनीने सासऱ्यांकडे पाहिलं. रागाने नाही. सिग्नल बदलताना पाहावा तसं. अर्ध्या तासापूर्वी ते तिच्या बाजूला होते. थोरला नातू होता. पण हा मुलगा होता, आणि तो अजून खाली जमिनीवर श्वास घेत बसला होता.

“मी आता सही कशी करू अण्णा?” नकाशे म्हणाली. “लोक काय म्हणतील ते जाऊ दे. म्हणतील, बाईला खुर्ची दिली आणि तिने भावासाठी कलम लिहिलं. उद्या कुठल्याच बाईला खुर्ची देणार नाहीत, तेही जाऊ दे. पण ही? हिच्यासमोरून उठून मी सही करायला जाऊ?” ती वहिनीकडे वळली. “मी फोन करते. नाही येत म्हणून सांगते. तू सकाळपासून हेच म्हणत होतीस. मी ऐकते तुझं.”

वहिनीने तिला हाताने थांबवलं. ती धाकट्यासमोर खाली बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. लहानपणी त्याला पाढे म्हणायला बसवायची तशी.

“एकच विचारते. हे कलम नसतं, तर आज बोलला असता तुम्ही?”

तुम्ही. धाकट्याने मान वर केली. एकोणतीस वर्षांत तिने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणते तसं म्हणाली, शांतपणे, आणि तो तिथेच संपला. खोटं बोलायला त्याच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला.

“कधीच?”

“कधीच नाही, वहिनी.”

वहिनीने मान हलवली. ती टेबलाचा आधार घेऊन उठली.

“नकाशे, त्या चाळीस घरांपैकी किती घरांत असं कुणी बसलं असेल? तोंड शिवून? भाजी आणून देत, रांगेत उभं राहत?”

“माहीत नाही.”

“जा तू. सही कर.”

“वहिनी—”

“मी माफ केलं असं म्हणाले नाही. सही कर म्हणाले. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सरकारला कळत नाहीत, म्हणून त्यांनी एकाच चौकोनावर खूण करायला सांगितलंय.” तिने पत्रक पुढे ओढलं. “विचार आता. दारात आल्यासारखं विचार.”

नकाशेने पेन घेतलं. चाळीस वेळा विचारलेला प्रश्न तिला आठवेना, मग आठवला.

“बाई,” ती म्हणाली, आणि थांबली, आणि पुन्हा म्हणाली, “बाई, तुमचं कोण गेलंय?”

“माझा मुलगा.”

“तुम्हाला काय हवंय?”

वहिनीने तिच्या हातातून पेन घेऊन एका चौकोनात खूण केली, आणि दुसऱ्यातही, तेवढ्याच जोराने.

“हे बाद होईल गं.”

“होऊ दे. पण घेऊन जा. त्या ढिगात सगळ्यात वर ठेव.”

सांगणारा दुसरा माणूस घरातच निघाला होता. शाईची दौत पिशवीत होती. नकाशेने बारीक टाक काढला, पेन्सिलीचा जुना ठिपका खोडला आणि न दिसणाऱ्या वजनकाट्यापासून वीस पावलं पट्टीने मोजली. केसाएवढी रेघ ओढणारा हात, पण टाक कागदावर टेकेना. दोनदा नेला, दोनदा मागे आला.

“दे,” वहिनी म्हणाली.

दुकानात ती ब्लेडने गोळीचे चार सारखे तुकडे करायची, लहान मुलांच्या मात्रेसाठी. हात हलून चालत नसे. तिने तोच हात नकाशावर ठेवला आणि मुलाच्या जागेवर एक काळा ठिपका दिला. गोल, नेमका, वाळेपर्यंत फुंकर घालून.

*

गाडी तीनला पाच कमी असतानाच आली. नकाशे पुढे बसली, मांडीवर गुंडाळी. धाकट्याला अण्णा थांबवत होते, नंतर जा, वकिलाला विचारून जा. पण तो ट्रकची किल्ली खिळ्याला अडकवून मागच्या सीटवर जाऊन बसला. लेखी जबाब दिल्याशिवाय शाई पक्की होत नाही, हे नकाशेताईने सांगितलं होतं. निघताना त्याने काचेतून घराकडे पाहिलं. वहिनी दारात होती, पण ती गाडीच्या चाकांकडे बघत होती.

अण्णा आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

टिटवीने कप उचलले. चार होते, आणि सगळे रिकामे. तिला पुष्कळ बोलायचं होतं आणि एकही वाक्य सापडत नव्हतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आई टेबलापाशी उभी होती. नकाशा गेला होता, तरी ती त्याच जागी बोट ठेवून होती.

“तो पक्षी कुठला होता गं?” आईने विचारलं.

“बदक.”

“बदक?”

“दादा म्हणाला, हा तर कावळा आहे. मी रडले. मग म्हणाला, बरं बाई, बदक. कुणी विचारलं तर मी बदकच सांगेन.” टिटवीने कप पुन्हा टेबलावर ठेवले. “कुणी विचारलंच नसेल ना त्याला?”

आईने तिला जवळ घेतलं.

“आत्याने नुसतं पक्षी लिहिलंय,” आई शेवटी म्हणाली.

“तिला माहीत नव्हतं.”

“उद्या खणताना कुणीतरी ते वाचणार.” तिने डोळे पुसले, ओट्यावरचं पातेलं झाकलं आणि कोपऱ्यातल्या चपला पायांनीच सरळ केल्या. “नीट लिहिलेलं असलं पाहिजे. चल.”

सह्या होणार होत्या ते नगरभवन चालत चाळीस मिनिटांवर होतं. सव्वातीन वाजले होते. दोघी निघाल्या.